चंचीतला चुना

शेतकी खात्याचा तो माणूस पाठीवर पितळी पंप घेऊन मोडनिंबला यायचा, तो येतानाच दमलेला असायचा. बांधावर टेकला की म्हणायचा, "कटाळा आला बगा." एवढं म्हणून उठायचा आणि मोरचूद भिजत घालायचा.

त्या साली आमच्या कपाशीच्या पानांवर ठिपके पडून पानं गळायला लागली होती. सकाळभर त्यानं मोरचूद-चुन्याचं पाणी फवारलं, आणि दुपारच्या सरीनं ते सगळं धुऊन नेलं. मी वैतागलो. "आता ऱ्हाऊ द्या, दादा. पुन्यांदा कोण मरतंय?"

"व्हय की. लई कटाळा आला," म्हणत त्यानं पानं सुकल्यावर पुन्हा मडकी मांडली.

शेवटच्या मडक्यात त्यानं नेहमीसारखा आपला अडकित्ता बुडवून धरला. मोरचुदातलं तांबं चढून पातं तांबूस झालं. म्हणजे चुना कमी पडला होता. तसंच मारलं तर पानं करपली असती. चुन्याची पिशवी तर रिकामी.

"एवढा कमी पडल्यानं काय हुतंय?" मी म्हणालो.

त्यानं कमरेची चंची सोडली, विड्याच्या चुन्याची डबी बोटानं निपटून मडक्यात कालवली आणि अडकित्ता घासून पुन्हा बुडवला. पातं तसंच लखलखीत राहिलं.

मग अडकित्ता मातीनं घासून, धुऊन त्यानं सुपारी कातरली आणि बिनचुन्याचं पान तोंडात घातलं. बराच वेळ चघळून थुंकला. पिंक हिरवीच पडली. तिच्याकडं बघत तो म्हणाला, "कटाळा आला बगा," आणि पंप पाठीवर घेतला.