काकांचा समन्याय

जगात अजूनही अन्याय शिल्लक आहे याचं कारण एकच: आमच्या मावशीचे यजमान सगळीकडे पोचू शकले नाहीत. राहुरीत त्यांनी आपल्याकडून काही कमी ठेवलं नाही. उभी नोकरी कोर्टात शिपाई म्हणून काढली, दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा केला, आणि आतून जे शब्द कानावर पडले ते सगळे घरी आणले. दुसरे लोक ऑफिसातून पेन-पेन्सिली आणतात. काकांनी कैफियत, तहकुबी, नैसर्गिक न्याय असला माल आणला आणि तो रोज वापरला. भाजी खारट झाली तर ताट सारायचे नाहीत. "यावर तुझी कैफियत काय?" असं आधी मावशीला विचारायचे. मावशी म्हणायची, "कोर्ट उठलं असंल तर गिळा आता."

शेजाऱ्याची शेळी एकदा त्यांच्या मेथीत शिरली. शेजारी बिचारा हात जोडून उभा, तरी काका निकाल देईनात. म्हणाले, "शेळीच्या वतीनं कोण बोलणार? दुसरी बाजू ऐकल्याशिवाय न्याय होत नाही." कुणीच पुढं येईना तेव्हा शेळीची बाजू त्यांनी स्वतःच मांडली. मेथीला कुंपण नव्हतं या मुद्द्यावर इतके तापले की शेवटी दोष स्वतःवरच ठेवला. शेजारी उरलेल्या मेथीची जुडी बांधून घेऊन गेला.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झाल्याचा मला अभिमान होता, आजही आहे, तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. पेढे घेऊन गेलो, तर काकांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "ग्रॅज्युएट, समन्याय म्हणजे काय?"

"सगळ्यांना सारखं."

"चुकलास. सारखं करायला तराजू पुरतो. समन्यायाला माणूस बघावा लागतो. ज्याला जे लागतं ते त्याला."

"मग तो पेढा खाली ठेवा. तुम्हाला शुगर आहे."

"या मुद्द्यावर निकाल राखून ठेवलाय," म्हणाले आणि पेढा खाल्ला.

पण नुसती बडबड नव्हती ती. आखाडात मटण झालं की कलेजी त्यांच्या आईच्या ताटात पडायची, कारण म्हातारीला दात नव्हते. असा हा माणूस त्याच आईच्या बाबतीत कसा चुकला, हे मला अजून उलगडलेलं नाही.

भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा काकांनी आमच्याकडची रीत पाळली. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. धाकट्यानं मळ्यातली वस्ती उचलली, काकांकडं राहुरीतलं घर आलं. कुणाची कुरबूर नाही. राहिली आई. तिला दोघंही भाऊ बाई म्हणायचे. दोघंही म्हणत होते, बाई माझ्याकडं राहील. काकांनी भावाचं म्हणणं ऐकलं, भावजयीचं ऐकलं, मावशीचंही ऐकलं, आणि हुकूम दिला: एक महिना मळ्यात, एक महिना राहुरीत. काय निकाल दिला, म्हणून भावकी खूश.

महिना भरला की काका रिक्षा घेऊन मळ्यात हजर. एकदा मीही बरोबर होतो. गोठ्यातली गाय व्यायला आली होती. म्हातारी म्हणाली, "दोन दिस थांब की रं. पयलारू हाय, लई भितीया. माझ्या हातानं सुटू दे."

धाकटा म्हणाला, "ऱ्हाऊ दे दादा. माझी काय तक्रार न्हाई."

"तहकुबी नाही," काका म्हणाले. "आज तुझ्याकडं दोन दिवस जास्त, उद्या माझ्याकडं चार. मग निकालाला अर्थ काय?"

म्हातारीनं लुगडी गाठोड्यात बांधली. रिक्षात चढताना म्हणाली, "समद्यांना इच्चारलंस. सुनांना इच्चारलंस. मला कवा इच्चारलं रं?"

काकांनी तिचं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं. पण रिक्षा माघारी वळवली नाही.

पुढं म्हातारी विसरायला लागली. आधी नावं, मग माणसं. तेव्हा मात्र काकांनी आपलाच हुकूम रद्द केला. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाई, तुला कुठं राहायचंय?"

ती म्हणाली, "महिना भरला का?"

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी तिला मळ्यात नेऊन सोडलं, कायमची. गोठ्याजवळ तिची खाट टाकून दिली.

त्यानंतर पहिल्यांदा भेटायला गेले, तर त्यांना बघताच म्हातारी उठली आणि लुगडी गोळा करायला लागली. धाकटा सांगून दमला, "अगं बाई, दादा न्यायला न्हाई आला, भेटायला आलाय." ती ऐकेना. गाठोडं बांधून रस्त्याकडं तोंड करून बसली.

काका अजून दर रविवारी मळ्यात जातात, पण तिच्यासमोर जात नाहीत. गोठ्याच्या भिंतीआड बसतात, चहा भाऊ तिथंच आणून देतो. पलीकडं म्हातारी वासराशी काहीबाही बोलत असते. काका कान देऊन सगळं ऐकून घेतात, आणि तिनं मान वळवायच्या आत उठतात.