गाऱ्हाण्यात नाव कोणाचं घालायचं

पाडव्याची सुट्टी होती आणि आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, बोरिवलीच्या घरात होतो, टीव्ही सकाळपासून चालू होता. ग्रिलला गुढी बांधून झाली होती, पुरण वाटून झालं होतं, तरी घराला सणाची कळा नव्हती. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी आहे. ते जहाज आखाताच्या तोंडाशी अडकलं होतं, तिथे क्षेपणास्त्रं सुटत होती, आणि परवापासून त्याचा फोन नव्हता.

बातम्या बघितल्या की काहीतरी कळेल अशी माझी समजूत. मी शाळेत इतिहास शिकवते, मला तरी कळायला हवं. एका वाहिनीवर पहिला हल्ला करणारे गुन्हेगार होते, दुसरीवर त्यांना तसं करायला लावणारे. तिसरीवर एक निवृत्त अधिकारी नकाशावर काठी फिरवत इतक्या खुशीत बोलत होते की मला त्यांचा रागच आला. आई स्वयंपाकघरातून मधूनमधून विचारायची, जहाजांचं काही सांगितलं का. मी नाही म्हणायचे आणि पुन्हा वाहिनी बदलायचे.

आमच्या घरात सणाचं पान वाढण्याआधी देवापुढे नारळ ठेवून बाबा गाऱ्हाणं घालतात. म्हणजे घरचं जे काही असेल ते मालवणीत, मोठ्याने, देवाच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. बाबा गिरणीतून कधीचे निवृत्त झाले, पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की आवाज अजून खणखणीत लागतो. लहानपणी शेजारी ऐकतील म्हणून मला लाज वाटायची. त्या दिवशी मात्र मी त्याचीच वाट बघत होते.

बाबांनी सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा, आज जो काय पाडव्याचो नारळ तुझ्याम्होरां ठेवलो हा, तो मान्य करून घे म्हाराजा.” आम्ही व्हय म्हाराजा म्हटलं. मग मुलाला सुखरूप ठेव म्हणून झालं. यानंतर जो वाकडा वागतो त्याला सरळ वाटेवर आणायचं मागणं असतं, आणि तिथे बाबा नाव घेतात. भावकीतला कोणी असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, नाव ठरलेलं असतं. बाबा तिथे थांबले आणि माझ्याकडे वळले.

“चूक कोणाची ती सांग गो. माका देवाक नाव सांगूक होया.”

मी एका देशाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं, बाबा, नक्की नाही सांगता येत. सकाळपासून बघतेस काय मग, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं. अर्धवट गाऱ्हाण्यावर नारळ फुटत नाही आणि नारळ फुटल्याशिवाय पान वाढत नाहीत. पुरणपोळ्या झाकून ठेवल्या. आई भांडी जरा जोरात ठेवत होती. मी पुन्हा टीव्ही लावला, या वेळी वहीसुद्धा घेऊन बसले, आणि काहीही न लिहिता उठले. इतका गोंधळ मला कधी झाला नव्हता. भावाची भीती होती, त्यात चिडायला माणूस सापडत नव्हता.

ऊन उतरल्यावर गुढी उतरवायला उठलो तेव्हा फोन आला. भावाचा आवाज तुटत होता. जहाज नांगरावर आहे, मी ठीक आहे, पुढचं माहीत नाही, एवढं आईला सांगून झालं. बाबांनी फोन हातात घेतला आणि ख्यालीखुशाली न विचारता तोच प्रश्न केला, कोणाचं नाव घालू.

“बाबा, कोणाचंच नको हां,” तो म्हणाला. “आमच्या बोटीवर दोन्हीकडची माणसं आहेत. एक माझ्याच केबिनमध्ये झोपतो. त्याच्या घरचा फोन अजून लागत नाहीये.”

फोन कटला. बाबा देवापुढे गेले. नारळावर हात ठेवून त्यांनी मुलाला सांभाळ म्हटलं, आणि पुढे अडखळत, नेहमीपेक्षा पुष्कळ हळू, म्हणाले, “आणि तेच्या बाजूक जो निजता, म्हाराजा, तेच्या घरचो फोन लागू दे.”

आईने माझ्याआधी व्हय म्हाराजा म्हटलं.