टाकी फुल्ल, काटा शून्यावर

अन्याय वसंत पेडणेकर यांच्यावर झाला. शुक्रवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, रियाधमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, तिसऱ्या टेबलापाशी. मराठी मंडळाच्या हस्तकला स्पर्धेचे परीक्षक तळहाताएवढ्या एका मॉडेल गाडीसमोर उभे राहिले, उभेच राहिले, आणि ‘अंतर्भाग’ या रकान्यात शून्य लिहून शेजारच्या थर्माकोलच्या किल्ल्याकडे वळले. वाकले नाहीत. मी तिथे होते. हे मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढून सगळ्यांना कळवलं. पण पत्रकात अन्याय मावतो, माणूस मावत नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

पेडणेकरकाका वेंगुर्ल्याकडचे. रियाधजवळ अल खर्जच्या एका दूध कारखान्यात शीतगृहाची यंत्रं सांभाळायचे. बाबा तिथेच इंजिनियर. काका कामगारांच्या कॅम्पात राहायचे आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे. मी पुण्याहून शिक्षण आटपून आले त्याच आठवड्यात त्यांना पहिल्यांदा पाहिलं, ते चोर समजून. बिल्डिंगखाली एक किडकिडीत माणूस दोन्ही तळव्यांचा आडोसा करून आमच्या गाडीच्या काचेला नाक लावून उभा होता. मी गॅलरीतून आवाज चढवून विचारलं, काय चाललंय. त्यांनी शांतपणे वर बघितलं. “बाय गो, तुमच्या गाडयेतला घड्याळ बावीस मिनटां मागे आसा.”

होतं. अजूनही आहे.

उभी गाडी दिसली की आत डोकावल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्यांचा नेम होता. एकदा हायवेवरच्या पेट्रोल पंपावर ते एका म्हाताऱ्या सौदी गृहस्थाच्या जुनाट पिकअपला असेच चिकटले आणि मालक दुकानातून बाहेर आला. मी धावले. तीन भाषांतला युक्तिवाद माझ्या तोंडात तयार होता. अरबी त्यात नव्हती, पण तो तपशील. म्हाताऱ्याने काकांकडे बघितलं, दार उघडलं आणि त्यांना आत बसवलं. पुढचा अर्धा तास तो डॅशबोर्डवरच्या एकेका झालरीची, एकेका स्टिकरची कथा सांगत होता आणि काका एक अक्षर न कळता माना डोलावत होते. मी बाहेर उन्हात, हातात त्याने दिलेला काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर घेऊन, बरोबर आणलेला संताप कुठे ठेवावा या विचारात.

हे सगळं डोकावणं कामाचं होतं. मॉडेल गाडी बाहेरून कोणीही रंगवतो. काका आतून सजवायचे. आमच्या जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीचं झाकण, चिमटा, कानातल्या कापसाच्या काड्या आणि व्हिनेगरची कुपी एवढाच त्यांचा कारखाना. डिकल म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ छापील चित्र. झाकणातल्या पाण्यात भिजवायचं, कागदावरून सुटलं की चिमट्याने डॅशबोर्डवर सरकवायचं, वर व्हिनेगरचा थेंब द्यायचा. मऊ होऊन ते खाचेत उतरतं. तोवर घरात कोणी शिंकायचं नाही. आई फोडणीसुद्धा थांबवायची. मोहरीएवढ्या तबकड्यांत ते वेगाचा काटा नेहमी शून्यावर ठेवायचे आणि पेट्रोलचा फुल्लवर. मी कारण विचारलं.

“गाडी उभी आसा, तर काटो शून्यार. पण टाकी फुल्ल व्होयी. निघूचा झाला तर पंप शोधीत फिरतलंस?”

डिकलचा मजकूर लॅपटॉपवर मांडून छापायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात पत्रकं काढायचे. अठ्ठेचाळीस पॉइंटखालचं अक्षर म्हणजे भ्याडपणा, असं माझं स्पष्ट मत. काकांना अर्धा पॉइंट हवा होता. मी दोन पॉइंटपर्यंत उतरून मोठेपणा दाखवला. त्यांनी छापील कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “तुझी अक्षरां बोंबलतत गो. माझी गुमान बसतत.” शेवटी अर्ध्यावर आले. माझ्या राजकीय आयुष्यातली ती सर्वांत मोठी माघार.

आता त्या गाडीबद्दल. कारखान्याची एक पांढरी पिकअप होती. काका वर्षानुवर्षं तीत अवजारं घालून फिरले. कॅम्पातल्या कोणाचा खुरूज लागला, म्हणजे तो कायमचा घरी निघाला, की याच पिकअपने त्याला विमानतळावर सोडायचं, आणि उतरण्यापूर्वी त्याने पुढच्या काचेवरची ऊन-झडप खाली ओढून तिच्यावर बॉलपेनने स्वतःचं नाव लिहायचं. मल्याळम, उर्दू, बंगाली, मराठी, अशी अकरा नावं झाली होती. बारावा नंबर काकांचा. आणि त्यांचा खुरूज यायच्या आधीच पिकअप भंगारात गेली.

काकांनी झडपेचा फोटो तेवढा काढून ठेवला होता. मग त्यांनी पिकअपचं मॉडेल करायला घेतलं. डॅशबोर्डच्या भेगेवरची पिवळी टेप, रेडिओचं तुटलेलं बटण, सीटवरच्या चहाच्या डागाचा नकाशा, सगळं डिकलमधून आलं. अकरा नावं ज्याच्या त्याच्या अक्षरात लहान करून झडपेवर बसली. बारावं मी छापून दिलं होतं, पण ते त्यांनी पाकिटात राखून ठेवलं. लिहायचं ते निघतानाच, आधी नाही. स्पर्धेत पहिली येणारी वस्तू शाळेच्या काचेच्या कपाटात कायम राहणार होती. काकांना तेवढंच हवं होतं. “मी चल्लंय, गाडी हय रवांदे.”

खुरूजचा मेसेज आला स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी आमच्या टेबलावर काकांनी स्वतःचं नाव झडपेवर बसवलं. मॉडेलचा टप, म्हणजे छप्पर, चिकटवायचा बाकी होता. ते म्हणाले, अर्धा तास सुकू दे. मी गाडीची किल्ली वाजवत म्हटलं, सुकलंय काका, यल्ला, चला. आणि टप मीच दाबून बसवला. रियाधपर्यंत मी चालवत होते, काका मांडीवर खोका घेऊन शेजारी, बाबा मागे डबा सांभाळत. काका वाटेत पुढे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावायचा प्रयत्न करत होते.

मग चार वाजून दहा मिनिटं. मग शून्य.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या ग्रुपवर पत्रक टाकलं. मथळा साठ पॉइंट: ‘वाकायला काय झालं?’ खाली सात मुद्दे, सातही झणझणीत. परीक्षकांनी उत्तरात तिसऱ्या टेबलावर स्वतः काढलेला फोटो तेवढा पाठवला. पिकअपची पुढची काच दुधाचा पेला ठेवावा तशी पांढरीफट्ट होती. आत गाडी आहे की ताक, सांगता येत नव्हतं. मी तेव्हा परीक्षकांच्या कमरेकडे बघत होते, काचेकडे नाही.

मी फोटो काकांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि असे हसत सुटले की चष्मा काढून ठेवावा लागला. “माझा नावच ता. वाफ होवन काचेर जावन बसला.” ओलं डिकल, बंद टप, बाहेरचं ऊन आणि हॉलमधला एसी. आयुष्यभर थंडी सांभाळलेल्या माणसाला ते एका नजरेत कळलं. मी म्हटलं, चूक माझी. ते म्हणाले, “अर्धी. तू अर्धो तास थांबलंस नाय, ते पाच मिनटां थांबले नाय. पाच मिनटांत धुका गेला असता.”

मी दुसरं पत्रक काढलं. बारा पॉइंटात, आयुष्यात प्रथमच. ‘अर्धा गुन्हा माझा. उरलेला अर्धा मी मागे घेत नाही.’ तासाभरात परीक्षकांचा बाबांना फोन आला, की विमानतळावर जाताना गाडी घेऊन शाळेत या.

काकांच्या निघायच्या दिवशी आम्ही गेलो. शाळेच्या व्हरांड्यात परीक्षकांनी कडक इस्त्रीच्या पँटसह गुडघे टेकले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि एक डोळा मिटून काचेतून आत, वर, झडपेकडे बघितलं. मग एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. जी लिपी येत नव्हती ती नावं काकांनी मागून सांगितली. बारावं आलं. “वसंत पेडणेकर.”

“हजर,” काका म्हणाले.

आम्ही इतके हसलो की शिपाई बघायला आला. परीक्षक गुडघ्यावरून उठेनात; त्यांना पुन्हा रेडिओचं बटण बघायचं होतं. नंतर ते गाडी काचेच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चषकांशेजारी ठेवायला निघाले. काकांनी सगळ्यात खालचा कप्पा मागितला. झडप खालूनच दिसते.

गाडी तिथे आहे. टाकी फुल्ल, काटा शून्यावर. तुम्ही रियाधला असाल तर त्या शाळेत जा. उभ्याने बघू नका. गुडघे टेका, एक डोळा मिटा. काच धुरकट दिसली तर पाच मिनिटं थांबा. आणि मग बारावं नाव मोठ्याने वाचा.