जावयाच्या खांद्यावरची शाल

२०१७ साली मी पंचाहत्तर वर्षांचा होतो. रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर होऊन जमाना झाला होता. चौथीपुढे शिकलो नाही, पण झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत लाउडस्पीकर माझा. ॲम्प्लिफायर माझा, भोंगा माझा, वायरी माझ्या. तरुणपणापासून दरवर्षी मीच शिडीवर चढून भोंगा बांधायचो.

माझी एकुलती मुलगी पुण्याकडे रेडिओ दुर्बिणीवर काम करते. ती शिकायला निघाली तेव्हा मंडळातल्याच लोकांनी मला ऐकवलं होतं, "दादा, पोरीला आकाश दाखवताय, सासर कधी दाखवणार?" मी गिळलं, पण विसरलो नाही.

त्या वर्षी तिने एका मेलेल्या ताऱ्याचा अवशेष शोधून काढला. उन्हाळ्यात आली तेव्हा मला समजावून सांगितलं. रेडिओ दुर्बिणींनी आकाशगंगेचा सगळा पट्टा तुकड्यातुकड्याने तपासतात, त्याला सर्वेक्षण म्हणतात. अशा एका सर्वेक्षणात एक फिकट कडं आलं होतं. आधीच्या लोकांनी ते, नवे तारे जन्मतात तसला ढग समजून सोडून दिलं. पण तसल्या ढगात तापलेली धूळ असते आणि ती इन्फ्रारेडच्या, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या चित्रात चमकते. हिने दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. रेडिओत कडं आहे, दुसऱ्यात त्या जागी काहीच नाही. म्हणजे हे हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचं कवच, अजून पसरत चाललेलं.

"म्हणजे मयताला बाळंतीण ठरवलं होतं," मी म्हटलं.

ती इतकी हसली! "बाबा, हे मी भाषणात घालणार."

गणपतीतलं तिचं भाषण मी ठरवूनच ठेवलं होतं. मंडळाच्या अध्यक्षांकडे जाऊन सरळ सांगितलं, हिला बोलू द्या आणि सगळ्यांसमोर शाल-नारळ द्या. "बिलकुल दादा, झाशीची बेटी आहे," ते म्हणाले. मला दुसरं काही नको होतं. ज्यांनी टोमणे मारले, त्यांच्याच हातून तिच्या खांद्यावर शाल पडायला हवी होती.

गणपतीत ती आली, सोबत जावई. ते बँकेत आहेत, भला माणूस. ती मराठीत बोलायला लागली, इथेच वाढलेल्या पोरांच्या डोक्यात काही शिरेना, तशी हिंदीवर आली. मग पोरं पुढे सरकून बसली. बाळंतिणीवर सगळे हसले. माझ्या भोंग्याने एकदाही शिट्टी मारली नाही.

भाषण संपलं आणि अध्यक्षांनी माइक घेतला. "आता आपल्या जावईबापूंचा सत्कार."

जावई गोंधळून उठले. शाल खांद्यावर पडताच त्यांनी काढली. "अहो, काम हिचं आहे."

अध्यक्षांनी ती पुन्हा नीट बसवली. "राहू द्या जी. शाल जावयाला, माहेरवाशिणीची ओटी. आपल्यात हीच पद्धत आहे."

एक बाई तांदूळ, नारळ आणि खण घेऊन पुढे आल्या. मुलीने हसत पदर पसरला. कुणीतरी म्हणालं, "क्या जोडी है!" टाळ्या पडल्या, त्याही माझ्याच भोंग्यातून गल्लीभर गेल्या.

घरी मी जेवलो नाही.

"बाबा, सोडा ना," मुलगी म्हणाली. "ओटी काही वाईट नसते."

"वाईट कोण म्हणतंय? ती तू काही न शोधता आली असतीस तरी भरली असती. तारा शोधलास त्याचं काय दिलं?"

जावयांनी शालीची घडी घालून तिच्यापुढे ठेवली. "तुझीच आहे, घे."

"जावयाची शाल मला नको," ती म्हणाली आणि उठून आत गेली. हसत ओटी घेतलेली माझी मुलगी. म्हणजे तिलाही लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीच्या आधी मी मंडळात गेलो, शिडी लावली आणि भोंगा खाली उतरवला. अध्यक्ष धावत आले.

"अरे दादा, ये क्या! आरती कशी होणार? विसर्जन बाकी आहे अजून!"

"तोंडाने म्हणा," मी वायर गुंडाळत म्हटलं. "आपल्यात पूर्वी हीच पद्धत होती."

भोंगा सायकलच्या कॅरिअरला बांधला, ॲम्प्लिफायर हँडलला अडकवला आणि घरी आलो.