बोकडाच्या डोळ्यातला रंग

बावीस वर्षं मी जाफराबादेत बारावीला रसायनशास्त्र शिकवते आहे आणि दर वर्षी फळ्यावर तेच लिहिते: डोळ्याच्या पडद्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं गुलाबी-जांभळं द्रव्य असतं, प्रकाश पडला की त्यातला वाकडा रेणू सरळ होतो आणि रंग उडतो, जिवंत डोळ्यात अंधारात तो परत साठतो. मुलं मुकाट लिहून घेतात. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, तुमी पाह्यला का हो तो रंग?’ नव्हता पाहिला. थोबाडीत मारल्यासारखं झालं. तेव्हापासून तो रंग एकदा तरी बघायचाच, हे माझ्या डोक्यात बसलं.

खाटकाकडून बोकडाचे डोळे आणले, तर आतला पडदा पांढराफटक. चूक माझीच. बोकड भर उन्हात बांधलेला, रंग तिथेच उडालेला. मग खाटकाला सांगितलं की कापायच्या आधी दोन तास बोकडाच्या डोळ्यांवर काळं फडकं बांधा, आणि डोळे मागच्या अंधाऱ्या खोलीत काढून काळ्या कापडात गुंडाळून द्या. त्याने सुरी खाली ठेवली आणि मॅडमची तब्येत बरी आहे ना, असं अदबीने विचारलं. तीन वेळा तो विसरला. चौथ्या वेळी कसंबसं जमलं.

प्राचार्यांची परवानगी हा वेगळाच ताप. संस्थेतली बरीच मंडळी शाकाहारी, त्यामुळे डोळ्यांचा डबा गुपचूप आणायचा आणि वास येऊ द्यायचा नाही. सगळं कबूल केलं.

प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळं मेणकापड ठोकलं. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावला, कारण लाल उजेडात हे द्रव्य फारसं बिघडत नाही. पण लाल उजेडात त्याचा रंगही कळत नाही. बघायचा तर ट्यूब लावायची, आणि लावली की तो उडायला लागणार. मिळतील ते काही क्षण. म्हणून मुलांना बजावलं होतं, आधी पडद्याची बशी झाकू, मग ट्यूब लावून आपल्या डोळ्यांना उजेडाची सवय करू, आणि मगच झाकण काढू.

अर्धा तास अंधारात खपून पडदा सोलला. सायीसारखा तो बशीत पसरला. झाकायला मी काळा कागद उचलला, तेवढ्यात दार उघडून आमचे शिपाई आत आले आणि त्यांनी खटकन ट्यूब लावली. त्यांना सगळे मामा म्हणतात. दारावर ‘आत येऊ नये’ असं लिहिलं होतं, पण ते विद्यार्थ्यांसाठी असतं असं मामांचं मत.

‘लाईट तर हाय की मॅडम. अंधारात कायला बसून राह्यल्या?’

आम्ही सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. अर्धा तास अंधारात बसून आमच्याही डोळ्यांत तेच द्रव्य काठोकाठ साठलेलं, आणि तेच त्या क्षणी उडत होतं. मी चरफडत, पाणावल्या डोळ्यांनी बघायची धडपड केली, पण नुसता पांढरा झोत. दिसायला लागलं तेव्हा बशीत फिकट पिवळी चिंधी होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि खरं सांगते, मामांवर हात उचलावासा वाटला.

मामा मात्र उन्हातल्या व्हरांड्यातून आलेले. ट्यूबने त्यांचे डोळे जराही दिपले नव्हते. ते बशीवर वाकून उभे होते.

‘हे आत्ता गुलाबी व्हतं ना वो?’ ते म्हणाले. ‘मंग पिवळं कामून झालं?’

मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी स्टूल ओढून मामांना बसवलं.

‘मामा,’ मी विचारलं, ‘कसा होता हो तो रंग?’