चार ठिकाणचा नवस

खोकल्याची उबळ संपता संपता येणारी ती 'हूप'.

बेचाळीस वर्षं झाली. अजून कानात आहे.

आमचा मंदार तेव्हा दोन वर्षांचा. डांग्या खोकला. उबळीत पोरगं निळं पडायचं. हूप आली की आम्ही दोघं श्वास सोडायचो.
हूप आली, म्हणजे पोरगा आहे.

निजामपुऱ्यातली खोली. भिंतीपलीकडे कापडाचे लूम. त्या खडखडाटातही माझ्या बायकोला, सुशीलाला, ती हूप बरोबर ऐकू यायची.

आज सुशीलाला जाऊन एक वर्ष झालं.

मंदारच्या खोकल्याच्या त्या आठवड्यात ती चार ठिकाणी नवस बोलली. माहेरच्या गावदेवीला. गल्लीच्या टोकाच्या दर्ग्यात. एका मैत्रिणीबरोबर जाऊन चर्चमध्ये. आणि विहारात.

विहारात शेजारच्या जाधव वहिनींनी तिला समजावलं, "आमच्यात नवस नसतो, ताई."
ही म्हणाली, "तुमच्यात नसू दे. माझ्यात आहे ना."

डॉक्टरांचं औषध चालूच होतं. पोरगा उठला.

मग फेडणं सुरू झालं. देवीची ओटी. दर्ग्यावर चादर. चर्चमध्ये मंदारच्या उंचीची मेणबत्ती, ती रिक्षात मावेना म्हणून मांडीवर आडवी धरून नेली. विहारात काय फेडायचं ते कोणालाच सांगता येईना, तर हिने वर्षभर दर पौर्णिमेला तिथलं अंगण झाडलं. जाधव वहिनी संकोचून दुसरा झाडू घेऊन यायच्या.

डॉक्टरांना पेढे. तेही राहायला नकोत.

मी शाळेत मराठी शिकवायचो. कवितेच्या एका ओळीचे तीन अर्थ निघाले तर तिन्हींना मार्क देणारा माणूस. घरी मात्र मला एकच उत्तर हवं असायचं. मी तिला चिडवायचो, आधी शोधून काढ कोणी बरं केलं, मग काय द्यायचं ते त्यालाच दे.

एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली,
"ज्याने केलं नसेल त्याला दिलं तर काय बिघडलं? आणि ज्याने केलं तोच राहून गेला, तर? त्याला तोंड तुम्ही दाखवणार का?"

मी पेपर तपासायला घेतले.

गेल्या वर्षी ती आयसीयूत होती.
आयुष्यभर हात न जोडलेला मी, एका दुपारी रिक्षा करून चारही ठिकाणी गेलो. तिच्यासारखंच बोललो. शब्द धड येत नव्हते. विहारात या वेळीही तेच सांगितलं, सर, आपल्याकडे नवस नसतो. मी तरी थोडा वेळ बसून राहिलो. बरं वाटलं.

पाचव्या दिवशी सुशीला गेली.

पोरगा वाचला तेव्हा कोणी वाचवला ते कळलं नाही.
ही गेली तेव्हा कोणी ऐकलं नाही तेही कळलं नाही.
म्हणून चौघेही खोटे, असंही मला म्हणवत नाही. थकलो आहे.

आता मंदारबद्दल.

दोन वर्षांपूर्वी तो एका ग्रुपमध्ये जाऊ लागला. दर रविवारी. त्यांच्यामुळे त्याची दारू सुटली. ते मी विसरत नाही, आणि मित्रांनो, तुम्हीही कमेंटमध्ये त्यांना नावं ठेवू नका.

पण त्यांचं म्हणणं, खरा मार्ग एकच. बाकी सगळं अज्ञान.

आज संध्याकाळी तो त्यांना घरी घेऊन येणार आहे. आईने नको नको तिथे नवस केले, म्हणून तिच्या फोटोसमोर मी तिच्या वतीने क्षमा मागायची. म्हणजे तिला गती मिळेल. फोनवर सांगत होता. आईवर जीव आहे त्याचा.

मी विचारलं, "तुमचाच मार्ग खरा, हे तुला कसं कळलं?"
"माझी दारू सुटली, बाबा."
"आणि तुझा खोकला?"


तो म्हणाला, "बाबा, प्लीज. एवढं करा."

एकुलता एक मुलगा. तो आला नाही तर या घरात महिनोन्महिने दुसरा आवाज नसतो. दोन वाक्यं म्हणून टाकावीत, असं सकाळपासून मनात येतंय. फोटो काय ऐकणार आहे?

इथवर लिहिलं आणि बेल वाजली.

मंदार लवकर आला असं वाटलं. दारात अंजूर गावच्या पार्वतीबाई. पूर्वी टोपलीत भाजी घेऊन यायच्या. शेताच्या जागी गोदाम झालं, तेव्हापासून येणं बंद. बरोबर पाचेक वर्षांची नात.

"मास्तर, बाई हायत का?"

त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. त्या उंबऱ्यातच बसल्या, पदर तोंडाला लावून.

मग हळूहळू सांगू लागल्या. नात चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. त्यांनी शेवटची भाजी आणली त्या दिवशी सुशीलाने तिच्यासाठी नवस बोलते म्हणून सांगितलं होतं. आता पोर बोलते. त्या फेडायला आल्या होत्या.

"पन कोनाला बोलल्या, ता सांगला न्हाय. तुमाला ठाव हाय का?"

नाही म्हणालो. खरंच ठाऊक नाही.

पोर इतका वेळ माझ्याकडे टक लावून बघत होती.
म्हणाली, "आजोबा, पानी."

मंदार, ही पोस्ट तू वाचशीलच. संध्याकाळी ये. तुझ्या माणसांनाही आण, सगळे जेवून जा. क्षमा मात्र मी मागणार नाही. रागावलास तरी ये.

सुशीला, तुला नमस्कार करतो.
तू असतीस तर करू दिला नसतास.