घंटामावशीची बाराची प्रार्थना

त्या दुपारी पान्याकाठी आमी चौघं व्हतो. म्या सुमन, माजे मालक, शेजारची सोनाबाई आन् घंटामावशी. पाचवं कुनी व्हतं का, ते म्या आजबी सांगू शकत न्हाई.

घंटामावशी आमच्या नगरकडचीच. भोरकडं हिर्डोशीच्या अंगाला धरनाचं काम निघालं तवा आमी चार कॅथलिक घरं मजुरीला आलो. ती नवरा गेलेली, एकटीच आलती. चर्च पार पुन्याला. फादर महिन्यातनं एकदा जीपनं यायचे. मावशीनं तुटक्या पहारीचा तुकडा झाडाला टांगला आन् रोज बारा वाजता त्यावर तीन-तीन ठोके द्यायची. शेतातल्या बाया त्या ठोक्यावर भाकरी सोडायच्या, म्हनायच्या, मावशी आमची जेवायची घंटा देती. ती म्हनायची, "व्हय गं, पर आधी आतलीला वाढा. ती बोलत न्हाई, म्हनून उपाशी ऱ्हाती."

आतली म्हंजी आत्मा.

बाराची प्रार्थना दोघांत म्हनायची असती. एकानं निम्मं म्हनायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. मावशी तिचं निम्मं म्हनून थांबायची. उत्तर आल्याबिगर म्होरं सरकायची न्हाई. एकदा मालकांचं ध्यान कालवनात व्हतं. भाकरी गार झाली तरी बाई थांबलेलीच. मालक म्हनले, "मावशी, देवाला बी भूक लागली आसंल आता."

"मग वाढ की उत्तर," ती म्हनली.

बायांत चुगल्या निघाल्या की ती पाटी उचलून उठायची. असलं खाल्लं की मला पचत न्हाई, म्हनायची. कानाला ती लई जपायची. कान म्हंजी दार हाय, कुनी बी हाक मारली म्हनून उघडायचं नसतं, हे तिनं मला किती येळा सांगितलं आसंल. म्या हसायची.

माजी मोनी सात वर्साची व्हती. पावसात ताप चढला. एस्टी बंद. पाठीवर घेऊन भोरला चालत निघालो, वाटंतच गेली. आमच्यात पुरत्यात. माळावर पुरली, लाकडाचा क्रूस लावला. पानी तितवर येनार हे आमाला ठावं नव्हतं. पुढल्या वर्साला धरन भरलं आन् क्रूस बुडाला.

मग दुपारी वारा पडला की पान्यातनं हाक यायला लागली. "आये." मोनीचाच आवाज.

म्या सोनाबाईला सांगितलं. तिच्या मनात वाईट न्हवतं, ती मला देवरशी बाईकडं घेऊन गेली. नऊ दुपारी पोरीचा दहीभात पान्याला न्यायचा, नवव्या दिशी ती वर येईल, हात धरायचा आन् सोडायचा न्हाई, असं त्या बाईनं सांगितलं. म्या न्यायला लागले. पयल्या दिशी काठावर पानात वाढून ठेवला. दुसऱ्या दिशी जाऊन बघती तर पान पुसल्यावानी साफ. एक शीत न्हाई, आन् चिखलात कुत्र्याचं न्हाई, कावळ्याचं न्हाई, कुनाचंच पाऊल न्हाई. हाक रोज जरा आतनं यायची. म्या घोट्याएवढ्या पान्यात गेले, मग गुडघ्याएवढ्या, मग कंबरंएवढ्या. घरी घास उतरंना. जपमाळ हातात घेतली की बोटं सुन्न पडायची.

मावशीनं माज्या लुगड्याचा वला काठ बघितला. सोनाबाईला गाठून इचारलं, तिनं घाबरून समदं सांगून टाकलं.

नवव्या दिशी म्या छातीपातुर पान्यात व्हते. हाक अगदी म्होरनं आली. "आये, आजून जरा." म्या हात लांब केला. बोटाला काईतरी लागलं, बारीक आन् गार.

तवा मागनं ठोके पडले. मावशीनं पहारीचा तुकडा झाडावरनं सोडून काठावर आनला व्हता. संगं सोनाबाई आन् मालक. मालकांना पवता येत न्हवतं, ते पान्याच्या कडंलाच उभे. मावशी मला बाहेर ये म्हनली न्हाई. तिनं प्रार्थनेचं निम्मं म्हनलं आन् थांबली.

म्होरनं हाक, मागनं मावशी. तोंडानं एकालाच ओ देता येती. मग तोंडातनं उत्तर आलं. इस्वासानं आलं म्हनले तर खोटं हुईल, सवयीनं आलं. मावशीनं म्होरलं म्हनलं, परत थांबली. म्या उत्तर दिलं आन् एक पाऊल मागं आले. असं करत प्रार्थना सरली तवा म्या काठाला व्हते.

मालक म्हनले, त्यांना हाक ऐकूच आली न्हवती. सोनाबाईनं मातुर दोनी कान दाबून धरले व्हते.

माजा पदर पिळत मावशी म्हनली, "मोनीला भूक न्हाई गं. ती देवाघरी जेवली. भूक दुसऱ्याच कुनाला हाय."

त्यानंतर म्या पान्याला भात नेला न्हाई. दर वर्सी मृतांच्या दिवसाला फादरला मोनीच्या नावानं मिस्सा, म्हंजी चर्चची मोठी प्रार्थना, सांगायची, तेवढं मावशीनं शिकवलं. तिच्या संगं बारा वाजता बसून बसून मला परत घास जायला लागला. मालक गेले तवाबी तिनंच मला जेवू घातलं, आधी आतलीला आन् मग मला.

मागल्या उन्हाळ्यात मावशी माज्याच घरातनं देवाघरी गेली. आदल्या दिशी म्हनली, "मी हाक मारनार न्हाई, सुमन. माज्या आवाजात आली तरी ओ देऊ नगंस. माज्यासाठी प्रार्थना कर, तेवढीच मला पोचंल."

ती गेल्यावर महिना झाला आसंल. म्या काठावर धुनं धुवत व्हते, वारा पडला. "सुमन." मावशीचाच आवाज, तिच्या खोकल्यासकट. माजं समदं अंग तिकडं वळलं. मला आता हाय कोन? तरी म्या धुनं तसंच टाकून घरी आले. ठोके दिले. निम्मं म्हनलं आन् थांबले. उत्तर द्यायला घरात कुनी न्हाई.

तवा हे वाचनाऱ्यानं माजं एवढं ऐकावं. बारा वाजता जिथं आसाल तिथं, मावशीच्या आत्म्यासाठी उत्तराचं निम्मं म्हना. येत नसंल तर नुस्तं आमेन म्हना. म्या हितं थांबलेली आसते.